ऑरेंज पाय झिरो: 'स्टार्टिंग कर्नल' नंतर सामसूम, आणि सहा बोर्डांसाठी एकच इमेज कशी करावी?

बागायत_वरूड:

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यात लागून असलेल्या सहा संत्रा बागांत मातीतला ओलावा आणि बोअरची मोटर चालू-बंद यांची नोंद ठेवायची आहे. बोर्ड ऑरेंज पाय झिरो, ५१२ एमबीवाला, ऑलविनरची एच२-प्लस चिप. सेन्सर आरएस४८५ (लांब वायरीची सीरियल जोडणी) वर मॉडबस (सेन्सर वाचायची पद्धत) बोलतात. नेटसाठी यूएसबी ४जी डोंगल.

तयार इमेज चालते, पण तिच्यात नको ते फार आहे आणि लाइन गेली की दर दोन-चार वेळांत एकदा कार्ड बिघडते. म्हणून कर्नल आणि बूट इमेज स्वतःच बांधायची आहे. आतापर्यंत केलेले असे:

यू-बूट (कर्नल चढवणारा बूटलोडर) २०२४.०१, ऑरेंजपाय_झिरो_डेफकॉन्फिग (तयार सेटिंग). कर्नल ६.६, सनएक्सआय_डेफकॉन्फिग. दोन्ही लॅपटॉपवर क्रॉस-कंपाइल (म्हणजे बोर्डाच्या आर्म चिपसाठी) केले, काही कुरकुर नाही. कार्डावर पहिले पार्टिशन फॅट (झेडइमेज म्हणजे कर्नल, डीटीबी म्हणजे डीटीएस फाइलीवरून बनलेले बोर्डाच्या हार्डवेअरचे वर्णन, आणि बूट.एससीआर ही यू-बूटची स्क्रिप्ट), दुसऱ्यावर डेबियन. कार्ड जास्त टिकावे म्हणून दुसरे एफ२एफएसने (फ्लॅशसाठीची फाइलसिस्टीम) फॉरमॅट केले आहे. बूटआर्ग्जची (कर्नलला द्यायच्या सूचनांची) ओळ रास्पबेरी पायच्या कार्डावरून उचलली:

कन्सोल=सीरियल०,११५२०० रूट=/डेव्ह/एमएमसीबीएलके०पी२ रूटवेट

सीरियलवर एसपीएल (यू-बूटचा पहिला छोटा टप्पा) दिसते, डीरॅम ५१२ एमआयबी दाखवते, यू-बूट येते, झेडइमेज आणि डीटीबी लोड होतात, 'स्टार्टिंग कर्नल ...' छापले जाते आणि त्यानंतर एक अक्षर नाही. कर्नल चुकीचे बांधले गेले का? आणि हे जमले, तर सहा कार्डांसाठी एकच आयएमजी फाइल कशी करायची? दुसरे म्हणजे, इथे नेट मोबाइलचे, दिवसाचा डेटा ठरलेला. कर्नलचे गिट क्लोन अर्ध्यात तुटते.

टीटीवायएस०_नागपूर:

कर्नलला बहुधा काहीही झालेले नाही. ते बोलत असेल, पण ज्या पोर्टवर बोलायला सांगितले तो पोर्ट त्याला माहीतच नाही.

'सीरियल०' हे नाव रास्पबेरी पायच्या फर्मवेअरचे आहे. तिथे कर्नलकडे ओळ जाण्याआधी फर्मवेअर त्या जागी खरे नाव (टीटीवायएस० किंवा टीटीवायएएमए०) घालून देते. तुमच्या बोर्डावर हे काम करणारे कोणी नाही. यू-बूट ओळ जशीच्या तशी पुढे ढकलते. कर्नलला 'सीरियल०' नावाचा टर्मिनल सापडत नाही, मग तो गप्प राहतो.

यात एक मेख आहे. बोर्डाच्या डीटीएसमध्ये 'स्टडआउट-पाथ' आधीच यूएआरटी०, ११५२०० असा दिलेला आहे. बूटआर्ग्जमध्ये कन्सोल= अजिबात नसता, तर कर्नलने तो आपसूक घेतला असता. तुम्ही कन्सोल= दिले, तेही चुकीचे, म्हणून त्याने डीटीएसकडे पाहिलेच नाही. तेव्हा एकतर कन्सोल= काढून टाका, नाहीतर नीट लिहा:

कन्सोल=टीटीवायएस०,११५२०० अर्लीकॉन रूट=/डेव्ह/एमएमसीबीएलके०पी२ रूटवेट

'अर्लीकॉन' तपासणीपुरते ठेवा. नेहमीचा सीरियल ड्रायव्हर उभा राहण्याआधीच्या ओळी त्याने दिसतात. नुसते अर्लीकॉन लिहिले तर पत्ता स्टडआउट-पाथवरून घेतला जातो. तरीही काही दिसले नाही तर पत्ता हाताने द्या: अर्लीकॉन=यूएआरटी८२५०,एमएमआयओ३२,०एक्स०१सी२८०००. यानेही शांतता असेल, तरच कर्नल किंवा डीटीबीवर संशय घ्या.

बूट.सीएमडी बदलली की एमकेइमेज पुन्हा चालवून नवी बूट.एससीआर करावी लागते. ती राहून गेली की जुनीच ओळ चालते आणि माणूस तासभर डोके खाजवतो:

एमकेइमेज -सी नन -ए आर्म -टी स्क्रिप्ट -डी बूट.सीएमडी बूट.एससीआर

त्यापेक्षा एक्सटलिनक्स/एक्सटलिनक्स.कॉन्फ वापरा. साधी मजकुराची फाइल आहे, एमकेइमेज नको, यू-बूट स्वतः शोधून वाचते. आत एक लेबल आणि त्याखाली कर्नल, एफडीटी (डीटीबीची फाइल) आणि अपेंड (बूटआर्ग्ज) एवढ्या ओळी पुरतात.

डीटीबीसुद्धा एकदा पाहून घ्या. कर्नल ६.५ पासून ३२-बिट आर्मच्या डीटीएस फाइली कंपनीवार फोल्डरांत गेल्या. तुमची आता आर्च/आर्म/बूट/डीटीएस/ऑलविनर/ मध्ये तयार होते, नाव सन८आय-एच२-प्लस-ऑरेंजपाय-झिरो.डीटीबी. जुन्या स्क्रिप्ट वरच्या फोल्डरातून उचलतात. तिथे आधीच्या बिल्डची शिळी फाइल पडलेली असेल तर तीच कार्डावर जाते आणि कळतही नाही.

बूटझेडची ओळ हाताने लिहीत असाल तर मधला डॅश विसरू नका: बूटझेड, कर्नलचा पत्ता, डॅश, डीटीबीचा पत्ता. दुसरी जागा रॅमडिस्कची आहे. डॅश गाळला तर यू-बूट डीटीबीलाच रॅमडिस्क समजते. पत्ते यू-बूटचे स्वतःचे घ्या (कर्नल_अ‍ॅडर_आर ०एक्स४२००००००, एफडीटी_अ‍ॅडर_आर ०एक्स४३००००००). आणि कुठल्या जुन्या लेखातून एफडीटी_हाय=०एक्सएफएफएफएफएफएफएफएफ घेतले असेल तर काढा. त्याने डीटीबी खालीच राहते, आणि कर्नल मोठे असले की उलगडताना तिच्यावर चढू शकते.

नेटबद्दल: पूर्ण गिट इतिहास तुम्हाला कशाला? कर्नल.ऑर्गवरून टारबॉल घ्या, दीडशे एमबीच्या आसपास. विजेट -सी ने उतरवला तर तुटला तिथून पुढे चालू होतो. गिट क्लोन तुटले की पहिल्यापासून.

बागायत_वरूड:

कन्सोल बदलताच बोलायला लागले, धन्यवाद! पण आता पॅनिक: 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(१७९,२)'. कार्ड दिसत नाही असे समजू का? रूटवेट तर दिलेले आहे.

टीटीवायएस०_नागपूर:

नाही, उलट आहे. कंसातले आकडे वाचा. (०,०) असते तर डिव्हाइसच सापडले नाही असा अर्थ: एमएमसी ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बांधलेला, नावात चूक किंवा रूटवेट नाही. १७९ हा एमएमसीचा मेजर नंबर आणि २ म्हणजे दुसरे पार्टिशन. कर्नल दारापर्यंत पोचलेला आहे, त्याला आतली फाइलसिस्टीम वाचता येत नाही.

पॅनिकच्या जरा वर 'नो फाइलसिस्टीम कुड माउंट रूट, ट्राइड:' अशी ओळ असेल. त्या यादीत एफ२एफएस नसेल. सनएक्सआय_डेफकॉन्फिगमध्ये ते येत नाही, एक्सटी४ येते. मेन्यूकॉन्फिगमधून घालायचे तर वाय (कर्नलच्या आतच) करा, एम (वेगळे मॉड्यूल) नको. तुमच्याकडे इनिटरॅमएफएस (रूटच्या आधी रॅममध्ये चढणारी छोटी फाइलसिस्टीम) नाही. मॉड्यूल ज्या पार्टिशनवर ठेवलेले, ते उघडायलाच मॉड्यूल लागेल.

माझे मत विचाराल तर या कामाला एफ२एफएस नको. लाइन गेल्यावर बिघाड होतो तो लिहिण्यामुळे, फाइलसिस्टीमच्या नावामुळे नाही. रूट फक्त-वाचनाचा ठेवा आणि एक्सटी४ वर या.

मेकफाइल_अकोला:

इमेजचा भाग मी सांगतो. कार्डावर थेट हात चालवण्यापेक्षा लॅपटॉपवर एक फाइल करायची आणि तीच सहा कार्डांवर ओतायची.

आधी कर्नलची बांधणी पक्की करा. टूलचेनचा प्रीफिक्स आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ- असा, शेवटचा डॅश त्याचाच भाग आहे. लॅपटॉपवर बायसन, फ्लेक्स, बीसी, लिबएसएसएल-डेव्ह. यू-बूटसाठी वरून स्विग, पायथन३-डेव्ह आणि लिबजीएनयूटीएलएस२८-डेव्ह. शेवटचे नसेल तर यू-बूट अगदी टूल्स बांधताना 'जीएनयूटीएलएस.एच सापडत नाही' म्हणून थांबते आणि लोक टूलचेनला दोष देत बसतात.

मेक झेडइमेज मॉड्यूल्स डीटीबीज झाल्यावर मॉड्यूल्स_इन्स्टॉल करताना इन्स्टॉल_मॉड_पाथ न विसरता द्या. तो नसेल आणि पुढे सुडो असेल तर आर्मची मॉड्यूल्स तुमच्या लॅपटॉपच्याच /लिब/मॉड्यूल्समध्ये जाऊन बसतात. सोबत इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ दिले की आकार बराच उतरतो.

मग फाइल. ट्रंकेट -एस १जी बाग.आयएमजी. एसएफडिस्कने पार्टिशन: लेबल डॉस, पहिले २०४८ व्या सेक्टरपासून ६४ एमबी (प्रकार सी), दुसरे ६४० एमबी, तिसरे उरलेले. लेबल-आयडी स्वतः ठरवून द्या, समजा ०एक्स१२३४५६७८. म्हणजे कर्नलला रूट=पार्टयूयूआयडी=१२३४५६७८-०२ असे सांगता येते आणि एमएमसीबीएलके० की १ ही भानगड मिटते. लक्षात घ्या, पार्टयूयूआयडी कर्नलला स्वतःला कळतो. नुसते यूयूआयडी= इनिटरॅमएफएसशिवाय कळत नाही, ते फाइलसिस्टीमच्या आतले असते.

डॉसऐवजी जीपीटी (पार्टिशन तक्त्याचा दुसरा प्रकार) का नाही? या चिपचा बूटरॉम (चिपमधला पहिला कोड) एसपीएल कार्डाच्या ८ केबीवर शोधतो. जीपीटीचा तक्ता पहिल्या ३४ सेक्टरांत, म्हणजे १७ केबीपर्यंत पसरतो. दोघे एकमेकांवर बसतात: यू-बूट लिहिले की तक्ता मोडतो, तक्ता दुरुस्त केला की यू-बूट जाते. डॉस लेबल एका सेक्टरात मावते. पहिले पार्टिशन १ एमबीपासून सुरू करतो तेही याचसाठी; मधल्या जागेत एसपीएल आणि त्यामागे ४० केबीपासून यू-बूट राहते.

यू-बूट फाइलमध्ये असे:

डीडी आयएफ=यू-बूट-सनएक्सआय-विथ-एसपीएल.बिन ओएफ=बाग.आयएमजी बीएस=१के सीक=८ कॉन्व=नोट्रंक

इथे कॉन्व=नोट्रंक विसरलात तर डीडी एक जीबीची फाइल यू-बूट संपले तिथेच कापून टाकते. कार्डावर थेट लिहिताना हा प्रश्न येत नाही, कारण डिव्हाइस कापले जात नाही. म्हणून जुन्या सूचनांत तो पर्याय दिसत नाही.

नंतर लॉसेटअप -एफपी --शो बाग.आयएमजी. मोठा पी दिला की लूप०पी१, पी२, पी३ अशी पार्टिशन्स दिसतात. पहिल्यावर एमकेएफएस.व्हीफॅट, बाकी दोन्हींवर एमकेएफएस.एक्सटी४. बूटचे फॅटच ठेवा. यू-बूटला नव्या एक्सटी४ ची सगळी फीचर झेपतीलच असे नाही, आणि शेतावर विंडोजवाला लॅपटॉप हाती असला तरी एक्सटलिनक्सची ओळ बदलता येते.

रूटसाठी डीबूटस्ट्रॅप --आर्च=आर्मएचएफ --फॉरेन बुकवर्म, मग क्यूईएमयू-यूजर-स्टॅटिक (लॅपटॉपवर आर्मचे प्रोग्राम चालवणारे) लावून चरूटमध्ये, म्हणजे त्या रूटच्या आत शिरून, दुसरा टप्पा. चरूटमधून बाहेर पडण्याआधी रूटचा पासवर्ड ठेवा. तो राहिला तर बोर्ड लॉगिनपर्यंत छान येतो आणि आत कोणालाच घेत नाही. शेवटी सिंक, अनमाउंट, लॉसेटअप -डी, मग कार्डावर डीडी बीएस=४एम कॉन्व=एफसिंक. बीमॅपटूल वापरले तर रिकामे ब्लॉक वगळले जातात, सहा कार्डांत फरक जाणवतो. कार्डे आधी एफ३ने तपासा. ३२ जीबी छापलेले आणि आत ८ जीबी असलेले कार्ड एक जीबीच्या इमेजला खुशाल चालते. तिसरे पार्टिशन वाढवून भरू लागलात की गाडी अडते.

एकच इमेज सहा ठिकाणी, तर तीन गोष्टी वेगळ्या व्हायला हव्यात. मॅक पत्त्याची चिंता नको, यू-बूट तो चिपच्या आतल्या ओळख क्रमांकावरून बनवते, प्रत्येक बोर्डाचा निराळा. /ईटीसी/मशीन-आयडी रिकामी फाइल करून ठेवा, पुसू नका. एसएसएचच्या होस्ट की इमेजमधून काढा. पण रूट फक्त-वाचनाचा असेल तर पहिल्या बूटला त्या लिहायला जागा नसते, म्हणून एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये होस्टकी /डेटा/एसएसएच/ कडे वळवा आणि नसतील तर तिथे बनवणारी छोटी सर्व्हिस लिहा. होस्टनेम मॅकच्या शेवटच्या चार अक्षरांवरून.

रूट फक्त-वाचनाचा करायला मोठी करामत लागत नाही. बूटआर्ग्जमध्ये आरओ, एफएसटॅबमध्ये आरओ, /टीएमपी, /व्हार/टीएमपी आणि /व्हार/लॉगवर टीएमपीएफएस (रॅममधली जागा), जर्नलडीमध्ये स्टोरेज=व्होलाटाइल. रिझॉल्व्ह.कॉन्फ /रनकडे सिमलिंक. /डेटा तिसऱ्या पार्टिशनवर नोएटाइम, नोफेल देऊन. नोफेल नसेल आणि त्या पार्टिशनला काही झाले तर सिस्टमडी इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन कीबोर्डची वाट पाहत बसते. बागेत कोण कीबोर्ड जोडणार?

सोल्डरगन_यवतमाळ:

भाऊ, सॉफ्टवेअरचं यांनी सांगून टाकलं. आता पॉवरचं ऐका, काहून की 'कार्ड बिघडते' मधल्या अर्ध्या केसा पॉवरच्या असतात.

बोर्डाला मायक्रो-यूएसबीनं ५ व्होल्ट देता ना? बाजारातली पातळ चार्जिंग वायर आतून २८ गेजची असते. २८ गेज म्हणजे मीटरमागे ०.२१ ओहम, जायची-यायची मिळून ०.४२. डोंगल नेटवर्क शोधायले लागला की बोर्ड अन् डोंगल मिळून १ अँपिअर ओढतात, म्हणजे ०.४२ व्होल्ट वायरीतच गेले. बोर्डाले ४.६ च्या खाली भेटते. तेवढ्यात डोंगल यूएसबीवरून गळते, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'यूएसबी डिस्कनेक्ट' येते, अन् नशीब फुटलं तर कार्डावर लिहिता लिहिता रिसेट. २० गेजची वायर घ्या (मीटरले ०.०३३ ओहम), अन् हेडरच्या पिन २ किंवा ४ वर ५ व्होल्ट, ६ वर ग्राउंड द्या. उलटं नका लावजा, तिथं वाचवणारं काही नाही.

मोटरच्या स्टार्टरच्याच पेटीत हा बोर्ड नका ठेवजा. कॉन्टॅक्टर पडते तेव्हा जो झटका येते तो स्वस्त अडॅप्टर अडवत नाही. १२ व्होल्ट ७ एएचची एसएमएफ बॅटरी, चार्जर अन् बकनं (व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल) ५.१ व्होल्ट. बकचा व्होल्टेज मल्टिमीटर लावून आधी सेट करा, मग बोर्ड जोडा. नवीन मॉड्यूल कितीवर सेट होऊन येईल सांगता येत नाही. बोर्ड अन् डोंगल मिळून साडेतीन वॅट धरले तर बकचे नुकसान पकडून १२ व्होल्टवर ०.३५ अँपिअरच्या आत. बॅटरी साठ टक्क्यांपर्यंतच वापरली तरी १२ तास निघते. थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री, तेवढ्यात पुरते.

आरएस४८५ साठी ते निळं मॅक्स४८५ मॉड्यूल ५ व्होल्टवर नका चालवजा. त्याचा आरओ पिन ५ व्होल्ट बाहेर देते, अन् या चिपचे पिन ३.३ चे. मॅक्स३४८५ वालं, ऑटो-डायरेक्शन असलेलं घ्या. यूएआरटी२ वापरा: पिन १३ टीएक्स, पिन ११ आरएक्स. डीटीएसमध्ये यूएआरटी२ लिहिलेलं आहे पण स्टेटस 'डिसेबल्ड', ते 'ओके' करून डीटीबी पुन्हा बांधा. ओव्हरलेच्या नादी लागायची गरज नाही, सहाही बोर्ड सारखेच आहेत.

बागेत वायर लांब टाकाल तर दोन्ही टोकांले १२० ओहम, मधल्या सेन्सरांले नाही. ए-बी उलट झालं तर काही जळत नाही, फक्त उत्तर येत नाही. अदलाबदल करून पाहजा. मृगाच्या विजा आपल्याकडे कशा पडतात ते सांगाले नको. लांब वायरीवर एसएम७१२ टीव्हीएस (झटका अडवणारा डायोड) दोन्ही टोकांले लावा, जमलं तर आयसोलेटेड मॉड्यूलच घ्या. वीज थेट पडली तर हे काही कामाचं नाही, पण दूर पडल्यावर वायरीत जे येते ते अडते.

आणखी एक, मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये बंद पेटी ठेवली तर आतलं तापमान बाहेरच्या ४५ च्याही वर जाते. हीटसिंक लावा अन् स्केलिंग_मॅक्स_फ्रिक्वेन्सी ८१६००० करून ठेवा. मॉडबस वाचायले १ गिगाहर्ट्झ लागत नाही. तापमान /सिस/क्लास/थर्मल/थर्मल_झोन०/टेम्प मध्ये, हजारानं भागून वाचा. उन्हात बोर्ड अधूनमधून गोठत असेल अन् पॉवर नीट असेल तर यू-बूटमध्ये कॉन्फिग_डीरॅम_सीएलके ४०८ वर आणून पाहा. २४ च्या पटीतच ठेवजा.

बिल्डरूट_वर्धा:

वरचे सगळे बरोबर आहे, पण सहा बोर्डांसाठी डेबियन हाताने जुळवणे म्हणजे पुढच्या वर्षी हेच पुन्हा आठवत बसणे. बिल्डरूट पाहा, ते सोर्सपासून पूर्ण इमेज बांधून देते. २०२४.०२ मध्ये ऑरेंजपाय_झिरो_डेफकॉन्फिग आहे. एक मेक, आणि आउटपुट/इमेजेस/एसडीकार्ड.आयएमजी तयार: यू-बूट ८ केबीवर, पार्टिशन, सगळे जेनइमेज करते. तिसरे पार्टिशन हवे तर बोर्डाच्या फोल्डरातल्या जेनइमेज.सीएफजीमध्ये चार ओळी.

तुमच्या नेटवर याचा खरा फायदा 'मेक सोर्स'. कॉन्फिग पक्के करा, लॅपटॉप घेऊन अमरावतीला किंवा जिथे धड नेट आहे तिथे जा, मेक सोर्स चालवा. टूलचेनपासून शेवटच्या लायब्ररीपर्यंत सगळे टारबॉल डीएल फोल्डरात उतरतात. घरी येऊन नेट बंद ठेवून पूर्ण बिल्ड होते. बीआर२_डीएल_डीआयआर बिल्डरूटच्या फोल्डराबाहेर ठेवा, म्हणजे मेक डिस्टक्लीन केले तरी डाउनलोड वाचतात. कॉन्फिगमध्ये नवे पॅकेज निवडले की मात्र मेक सोर्स पुन्हा.

'रीमाउंट रूट फाइलसिस्टीम रीड-राइट ड्युरिंग बूट' हा पर्याय बंद करा, रूट आपोआप फक्त-वाचनाचा राहतो.

कर्नलमध्ये या कामाला हवे ते: डोंगलसाठी यूएसबी_नेट_सीडीसीईथर आणि यूएसबी_नेट_आरएनडीआयएस_होस्ट. डोंगल सुरुवातीला सीडी-ड्राइव्ह म्हणून दिसत असेल तर यूएसबी_मोडस्विच पॅकेज. बोर्डावरचे वायफाय एक्सआर८१९ आहे, त्याचा ड्रायव्हर मेनलाइन कर्नलमध्ये नाही, त्याच्या मागे लागू नका. वॉचडॉग (बोर्ड गोठला की रिसेट करणारा) सनएक्सआय_वॉचडॉग, वाय करून. त्याची कमाल मुदत १६ सेकंद. सिस्टमडी असेल तर रनटाइमवॉचडॉगसेक १५ च्या वर नको.

मेकफाइल_अकोला:

बिल्डरूटला माझा विरोध नाही, पण उद्या एखादी पायथनची लायब्ररी हवी झाली तर अ‍ॅप्टने दोन मिनिटांत येते. तिथे पुन्हा बिल्ड करा, पुन्हा कार्ड लिहा.

बिल्डरूट_वर्धा:

बागेतल्या बोर्डावर अ‍ॅप्ट चालवायचेच नाही, रूट फक्त-वाचनाचा ठेवला तो कशासाठी! प्रयोग टेबलावरच्या सातव्या बोर्डावर डेबियनमध्ये करा, ठरले की बिल्डरूटमध्ये घाला.

बागायत_वरूड:

मंडळी, बिल्डरूटने बूट झाले, यूएआरटी२ वर ओलावा वाचला जातोय. एकच अडकले. लाइन आल्यावर नेट यायला वेळ लागतो, तोवरच्या नोंदी १९७० च्या तारखेने पडतात. डीएस३२३१ आरटीसी (बॅटरीवर चालणारे घड्याळ) मॉड्यूल पिन ३ आणि ५ वर लावले, डीटीएसमध्ये आयटूसी० 'ओके' करून ०एक्स६८ वर नोड घातला. डीमेसेजमध्ये 'आरटीसी-डीएस१३०७ ०-००६८: रजिस्टर्ड अ‍ॅज आरटीसी१' असे येते. तरी वेळ १९७० च.

टीटीवायएस०_नागपूर:

उत्तर त्याच ओळीत आहे: आरटीसी१. चिपच्या आतही एक आरटीसी आहे, त्याला बॅटरी नाही, आणि तो आधी येऊन आरटीसी० ही जागा घेतो. कर्नल बूटला वेळ उचलतो कॉन्फिग_आरटीसी_एचसीटीओएसवायएस_डिव्हाइस मधून, ते डीफॉल्टने आरटीसी०. म्हणजे बिनबॅटरीच्या घड्याळाला वेळ विचारली जाते.

डीटीएसच्या एलियासेसमध्ये आरटीसी० = &डीएस३२३१ आणि आरटीसी१ = &आरटीसी अशा दोन ओळी घाला; तुमच्या नोडला डीएस३२३१ हे लेबल असायला हवे, कंपॅटिबल 'मॅक्सिम,डीएस३२३१'. ड्रायव्हर आरटीसी_डीआरव्ही_डीएस१३०७, तो ३२३१ लाही चालतो. आयटूसीचा ड्रायव्हर या चिपवर आयटूसी_एमव्ही६४एक्सएक्सएक्स नावाने आहे, ऑलविनर शोधून मेन्यूकॉन्फिगमध्ये सापडणार नाही. दोन्ही वाय करा, म्हणजे रूट माउंट होण्याआधीच वेळ बरोबर असते.

पहिल्यांदा नेटवरून वेळ घेऊन एचडब्ल्यूक्लॉक -डब्ल्यू एकदा चालवा. नव्या चिपमध्ये ऑसिलेटर थांबल्याची खूण उभी असते आणि डीमेसेजमध्ये 'सेट टाइम!' येते. एकदा लिहिल्यावर ती जाते. बॅटरी असूनही पुढच्या बूटला पुन्हा आली तर बॅटरी होल्डरची पत्ती तपासा.

सोल्डरगन_यवतमाळ:

अन् ते मॉड्यूल झेडएस-०४२ छापलेलं असन तर त्याले ३.३ व्होल्टच देजा, पिन १ वरून. त्याच्यावर चार्जिंगचं सर्किट आहे, एलआयआर२०३२ साठी. ५ व्होल्ट देऊन साधा सीआर२०३२ सेल टाकला तर तो चार्ज होत राहते, फुगते, फुटूही शकते. शेडमधल्या गरमीत तर नकोच. पक्कं करायचं असन तर डायोडच्या बाजूचा २०० ओहमचा रेझिस्टर काढून टाका, '२०१' छापलेला असते.